तळमजला कुणाचा?

कोल्हापुरात फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब ठरलेले प्रश्न विचारतं. पार्किंग कव्हर्ड आहे का, पाणी महापालिकेचं की बोअरचं, दार कुठल्या दिशेला आणि बँक लोन किती करते. बिल्डरचा माणूस उत्तरं पाठ करूनच बसलेला असतो. पावसाचं पाणी या प्लॉटवरून कुठं जातं, पोरं संध्याकाळी कुठं खेळणार, घरातल्या आजींना खाली उतरून बसायला जागा कुठं, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर तो भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवतो. चित्रात हिरवळ असते, पाम असतात, कुठल्यातरी परक्या देशातलं जोडपं जॉगिंग करत असतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. ताबा घेताना कळतं की ती हिरवळ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मागची चिंचोळी पट्टी.

शेजार आणि निसर्ग ही माहितीपत्रकात दोन वेगळी कलमं असतात. एकासाठी क्लब हाऊस, दुसऱ्यासाठी लॉन. पण झाडाला माती लागते, पाण्याला मुरायला जमीन लागते, पोराला धावायला आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा लागते, आणि हे सगळं एकाच पातळीवर मिळतं. ती पातळी म्हणजे तळमजला. आपल्या शहरानं तो गाड्यांना देऊन टाकला. कुणी जबरदस्ती केली असंही नाही. तो कुणाचा असावा हे ठरलं तेव्हा तिथं राहणारी माणसं हजरच नव्हती. माझी तक्रार गाड्यांपेक्षा या गैरहजेरीबद्दल जास्त आहे.

तिथं चौक हवा होता याचा पुरावा कुठल्याही अपार्टमेंटमध्ये भाद्रपदात मिळतो. गणपतीच्या आदल्या दिवशी पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर निघतात. फरशी धुतली जाते, खांबांना साड्या गुंडाळल्या जातात, भाड्याच्या खुर्च्या येतात. एरवी लिफ्टमध्ये मोबाईलमध्ये डोकं घालून उभे राहणारे चौथ्या मजल्यावरचे साहेब आरतीचं ताट घेऊन फिरतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी प्रसादाच्या पाळ्या लावतात. आपल्याच इमारतीत आपल्याच वर्गातला एकजण राहतो, हे पोरांना तेव्हा कळतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या आत येतात आणि साहेब पुन्हा मोबाईलमध्ये जातात. हे दरवर्षी होतं आणि त्यातून कुणी काही शिकत नाही, आर्किटेक्ट तर नाहीच नाही.

जुन्या पेठांत चौक वेगळा मागावा लागत नव्हता. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, गल्लीत उघडायचा. दारात भाजी निवडत बसलेल्या बाईला गल्लीत कोण आलं, कोण गेलं हे मान वर न करता कळायचं. मागं परडं असायचं. न्हाणीचं पाणी तिथल्या अळूला आणि केळीला जायचं, त्यामुळं सांडपाण्याचं काय करायचं हा प्रश्न निम्मा घरातच सुटायचा. याला पर्यावरण म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती. आजही गंगावेशीत संध्याकाळी म्हशी कट्ट्याशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. दुधाची पिशवी तर घरी येतेच. तरी माणसं तिथं जातात, ग्लास संपल्यावरही निघत नाहीत, आणि फुटबॉलपासून उसाच्या दरापर्यंत सगळं तिथं बोलून होतं. बोलायला निमित्त लागतं आणि उभं राहायला जागा लागते. दोन्ही मिळालं की बाकीचं माणसं आपलं आपण करतात.

हे केवळ कोल्हापुरी कौतुक नव्हे. लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्र्या कशा जुळतात ते पाहिलं, आणि १९५० मध्ये निष्कर्ष मांडले. आवडीनिवडीपेक्षा दारांमधलं अंतर महत्त्वाचं ठरलं. त्यातही जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं दार होतं, त्यांच्या वरच्या मजल्यावर ओळखी जास्त, कारण येणारा-जाणारा त्यांच्यासमोरून जायचा. पुढं १९९० च्या दशकात फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सुलिव्हन यांनी शिकागोतल्या गरिबांच्या सरकारी इमारतींचा अभ्यास केला. इमारती सारख्याच, राहणारी माणसंही साधारण सारखीच, फरक इतकाच की काहींच्या अंगणात झाडं होती आणि काहींच्या अंगणात नुसतं काँक्रीट. झाडं होती तिथं लोक बाहेर जास्त थांबत, आणि त्यांची शेजाऱ्यांशी ओळखही जास्त होती. म्हणजे झाड लावणं हे वनखात्याचं काम आणि शेजार जुळवणं हे मंडळाचं काम, अशी वाटणी आपण उगीच करून ठेवली आहे.

आमच्या कॉलनीतलंच बघा. कोपऱ्यावर एका अपार्टमेंटच्या कंपाऊंडबाहेर करंजाचं जुनं झाड आहे. आतली सगळी जागा पेव्हर ब्लॉकनं मढवलेली, पार भिंतीपर्यंत. करंजाची मुळं भिंतीखालून आत शिरली आहेत आणि दोन ओळी ब्लॉक उचकटून वर आले आहेत. दर मीटिंगमध्ये हा विषय निघतो. पानं पडतात, गाडीवर चिकट काहीतरी गळतं, सापकिरडू येईल, तोडायला अर्ज करूया. आणि त्याच करंजाखाली रोज सकाळी भाजीवाली मावशी पाटी घेऊन बसते. आजूबाजूच्या इमारतींतल्या बायका तिथं जमतात. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा पुण्याहून आला, कुठल्या नळाला पाणी कमी येतंय, सगळं तिथं कळतं. उन्हाळ्यात त्या सावलीत पाय टाकला की अंगाला फरक जाणवतो. त्या अपार्टमेंटचा खरा चौक कंपाऊंडच्या बाहेर आहे, आणि आतल्यांना तो तोडायचा आहे.

आता पाण्याकडं येतो, कारण कोल्हापुरात घराचा विषय पाण्याशिवाय अपुराच. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर वर्षाकाठी सुमारे दहा लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. प्लॉटवर माती उघडी असेल तर त्यातलं बरंच मुरतं. स्लॅब आणि पेव्हरनं मढवला तर जवळपास सगळं गटारात, गटारातून जयंती नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत जातं. नदी फुगली की तेच पाणी नाल्यानं उलटं वस्तीत शिरतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्क, रमणमळा ही नावं आता पावसाळ्यात सगळ्यांना पाठ असतात. नदीच्या पुराला अपार्टमेंटचं अंगण जबाबदार आहे असं कुणी म्हणणार नाही; तो धरणांचा, वरच्या पावसाचा, नदीपात्रातल्या भरावांचा आणि खालच्या फुगवट्याचा हिशेब आहे. पण शहरातलं पाणी शहरातच तुंबण्यात पेव्हर ब्लॉकचा वाटा नक्की आहे. आणि २०१९ ची विचित्र गोष्ट आठवते का? शहर पाण्यात होतं आणि नळाला पाणी नव्हतं, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट शहरापर्यंत पाइपलाइन आली, तिची वाट बघता बघता एक पिढी म्हातारी झाली. ती आली ते चांगलंच झालं. पण दारात पडणारे शंभर टँकर वाहून जाऊ द्यायचे आणि लांबच्या धरणातून पाणी आणायचं, यात काहीतरी चुकतंय हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पूररेषेजवळ तर तळमजल्याचा प्रश्न आणखी सरळ आहे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा पाणी येतं त्या पट्ट्यात, बांधायचंच नसतं. निळ्या आणि लाल, म्हणजे त्याहून मोठ्या पुराच्या, रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. तिथं आपण काय करतो? मुरमाचा भराव टाकून प्लॉट उंच करतो आणि आपल्या वाटणीचं पाणी शेजाऱ्याकडं ढकलतो. त्याऐवजी जमीन आहे तशी ठेवावी, घरं खांबांवर उचलावीत आणि खाली भिजलं तरी बिघडणार नाही अशाच गोष्टी ठेवाव्यात: दगडी कट्टे, खेळायची मोकळी जागा, पाण्यात उभी राहणारी करंज, जांभूळ, उंबर अशी झाडं. पाणी आलं, ओसरलं, गाळ काढला, झालं. मीटर बोर्ड आणि पंप मात्र वर हवेत. २०१९ नंतरही ते खालीच बसवणाऱ्या इमारती मी बघतोय.

असं बांधून कुणी दाखवलंय का? दाखवलंय, आणि फार लांब जायला नको. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी १९८० च्या दशकात तिथल्या बेलापूरला एक वसाहत उभारली. सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांना बारा बाय बाराचा मोठा चौक, आणि असं वाढत वाढत ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेपर्यंत. प्रत्येक घर स्वतःच्या भिंतींवर उभं, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं. लोकांनी वाढवलंही, काहींनी मूळ घर पाडून तिथं तीनमजली बांधलं, आर्किटेक्चरचे विद्यार्थी बघून हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. घरं बदलली, अंगणांची रचना टिकली. सात घरांचं अंगण कुणाचं हे सातही घरांना माहीत असतं, सत्तर घरांची बाग मात्र कुणाचीच नसते.

कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाच्या गावी १९७० च्या दशकात सुमारे २४० घरांची एक वसाहत झाली, व्हिलेज होम्स. तिथं पावसाचं पाणी पाइपात घातलंच नाही. घरांच्या मधून उथळ चर काढले, कडेनं फळझाडं लावली, रस्ते अरुंद ठेवले. तिथल्या अधिकाऱ्यांनीही आपल्या अधिकाऱ्यांसारखाच विरोध केला: चर तुंबतील, बंब आत जाणार नाही. जोराचा पाऊस झाला तेव्हा चरांनी आपलं काम चोख केलं. डेन्मार्कमध्ये त्याच्या थोडं आधी यान गुडमंड-हॉयर या आर्किटेक्टनं मित्रांना गोळा करून एकत्र राहायची वसाहत करायचं ठरवलं. १९६४ चा पहिला बेत आजूबाजूच्या रहिवाशांच्या विरोधामुळं फिसकटला. पण कल्पना राहिली आणि १९७२ मध्ये सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत उभी राहिली. या धर्तीच्या वसाहतींत गाड्या कडेला ठेवायच्या आणि पुढं चालत जायचं. वाटेत सामाईक घर लागतं, त्यात मोठं स्वयंपाकघर असतं, आठवड्यातून काही दिवस एकत्र जेवण असतं. प्रत्येकाचं स्वतःचं पूर्ण घर, स्वतःचं स्वयंपाकघरही असतंच. कुणाला नको वाटलं तर दार लावून घ्यायचं.

यातली चराची आणि चौकाची रचना कुणीही उचलू शकेल. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: सेटेडामेनमध्ये माणसं आधी जमली आणि मग घरं बांधली. आपल्याकडं उलटं. बिल्डर जमीन घेतो, नकाशा करतो, बांधतो, विकतो आणि जाताना सोसायटी किंवा अपार्टमेंट करून देतो. कोल्हापुरात बऱ्याच ठिकाणी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन होतं. सामाईक जागा कोणती, कुणाला कोणतं पार्किंग, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि तो कागद बिल्डरनं केलेला असतो. आपण फ्लॅटचा कार्पेट एरिया फुटाफुटानं मोजतो आणि या कागदावर न वाचता सही करतो. २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं होतं की मोफा, म्हणजे राज्याच्या जुन्या फ्लॅटविक्री कायद्याप्रमाणं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग, ही सामाईक जागा आहे, ती बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. रेरा हा नवा बांधकाम कायदा आल्यावर झाकलेल्या पार्किंगचा हिशेब बदलला, उघड्या पार्किंगचे पैसे मात्र आजही घेता येत नाहीत. कायद्याची दिशा बघितली तर तळमजला मुळात सगळ्यांचा आहे. तो आपला आहे हे आपल्यालाच माहीत नाही.

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात. जिथं उसाला सहकार, दुधाला सहकार, नदीवरून शेतात पाणी उचलायला सहकार, पतसंस्था तर गल्लोगल्ली. घर तेवढं बिल्डरकडून. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा आहे आणि त्यात माणसांनी आधी एकत्र येऊन, जमीन घेऊन, स्वतःसाठी घरं बांधायची पूर्ण सोय आहे. पूर्वी शिक्षकांनी, बँकवाल्यांनी, सरकारी नोकरांनी अशा संस्था काढल्या. राज्यभर त्यांच्या कॉलन्या अजून उभ्या आहेत. मग तो धागा तुटला. कर्ज, मंजुऱ्या, ठेकेदाराशी भांडणं हे सगळं नोकरी सांभाळून करायला कुणाला वेळ नाही, हे मान्य. पण पंचवीस कुटुंबांनी मिळून एक जाणता प्रकल्प सल्लागार नेमला तर तो खर्च बिल्डरच्या नफ्यापेक्षा जास्त होईल असं मला वाटत नाही.

एकत्र राहायचं म्हटलं की एकत्र काम आलं. इथं आपल्याच मातीतलं एक उदाहरण बसतं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर या नावानं ओळखला जातो. त्यात पावसाळा संपला की बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि जूनच्या आधी ते काढून नदीला वाट मोकळी करतात. बांधला आणि विसरला असं त्यात चालत नाही. दरवर्षी वेळेवर माणसं जमावी लागतात, नाहीतर एक तर पाणी अडत नाही किंवा पूर काठ फोडतो. वसाहतीतला पुनर्भरणाचा खड्डा, कंपोस्टची टाकी, गच्चीवरची भाजी, सगळं असंच असतं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. ती पूर्णत्वाच्या दाखल्यापुरती होते, आणि दोन पावसाळ्यांत फिल्टरमधली वाळू चिखलानं भरून बंद पडते. एजन्सी नेमून ती चालू राहीलही. पण मे महिन्यातल्या एका रविवारी चार घरांतल्या माणसांनी फिल्टर उपसला तर पाणी तर जिरेलच, शिवाय चार घरांची ओळख होईल, नंतर चहा होईल आणि बहुतेक एक भांडणही होईल. तेही चालेल.

आता दोन आक्षेप घेतो, कारण ते खरे आहेत. पहिला असा की जुनी गल्ली, वाडा, परडं याची इतकी गोडी लागलेली माणसं सहसा त्या गल्लीत बाई म्हणून किंवा खालच्या मानलेल्या जातीत जगलेली नसतात. पेठांची रचना जातीवर होती हे नाकारून उपयोग नाही. गल्लीचं लक्ष असणं म्हणजे पोरीवर पाळत असणंही होतं. तालीम हे कोल्हापूरचं खरं सामाईक घर. कुस्ती, फुटबॉल, गणपती, रक्तदान, पुरात बोटी घेऊन धावणं, सगळं तिथून होतं. पण तिथं घरातले पुरुष जातात. बायकांचं सामाईक घर कुठलं? उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची असते, मिरच्या वाळत घालायच्या, निवडायच्या, मग कुटायला डंकावर न्यायच्या. हे काम चारचौघींनी मिळून करायचं असतं, आणि अपार्टमेंटमध्ये त्याला जागा एकच, गच्ची. तिची किल्ली सेक्रेटरीकडं असते आणि सेक्रेटरी सोलर फुटेल म्हणून देत नाही. सामाईक स्वयंपाकघराची कल्पना आली की माझ्या मनात पहिली शंका हीच येते, की ते शेवटी त्याच वहिनींच्या गळ्यात पडणार. डॅनिश वसाहतींत स्वयंपाकाची पाळी पुरुषांवरही येते आणि ती नियमात लिहिलेली असते. आपल्याकडंही ती पोटनियमात लिहूनच घ्यावी लागेल. समजूतदारपणावर सोडली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

जातीचं त्याहून अवघड आहे. ‘समविचारी कुटुंबांची वसाहत’ असं म्हटलं की आपल्याकडं त्याचा अर्थ पटकन एका जातीची, एका आहाराची वसाहत असा होतो. मटणावर बंदी, बॅचलरला नाही, अमुक नावाच्या माणसाला फ्लॅट दाखवायचाच नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा पोटनियम वैध ठरवला, म्हणजे कायदाही इथं फारसा आधार देत नाही. कोल्हापूरला याबाबतीत स्वतःचा इतिहास आहे, तो सोयीचा नाही आणि म्हणून उपयोगाचा आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागोमाग एक निघत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. ही बोर्डिंगं समाजवार होती. कारण त्या काळात एका पंगतीला बसवायचं म्हटलं असतं तर मुलं आलीच नसती, आणि आधी मुलांनी शहरात राहून शिकणं महत्त्वाचं होतं. पण त्यातली कितीतरी दसरा चौकाच्या आसपास एकमेकांना लागून उभी राहिली. २०१९ च्या पुरात याच परिसरातल्या मठात आणि बोर्डिंगांत पूरग्रस्तांच्या पंगती बसल्या आणि तिथं कुणी कुणाची जात विचारली नाही. शंभरहून अधिक वर्षांनंतर आपण समाजवार राहण्याकडं परत जाणार असू तर सामाईक घरांची ही सगळी चर्चा नको. सरकारी जमीन किंवा सवलत ज्या संस्थेला मिळेल तिथं सभासद करून घेताना जात, धर्म, आहार यांवरून अडवता येणार नाही, ही अट पहिल्या पानावर हवी.

दुसरा आक्षेप पैशाचा. खरं तर तो नियमांचा आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत दहा टक्के खुली जागा सोडायचं बंधन चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना आहे, म्हणजे जवळपास एकर. कोल्हापुरातली बहुसंख्य अपार्टमेंटं पाच-दहा-पंधरा गुंठ्यांवर उभी राहतात. त्यांच्यावर हे बंधन येतच नाही. त्यांच्याकडं असतात ती साइड मार्जिन्स: इमारतीच्या चारी बाजूंनी सोडलेल्या पट्ट्या, जिथं ड्रेनेजचे चेंबर, जुने कमोड आणि मोडक्या सायकली असतात. शेजारच्या प्लॉटवर तशीच पट्टी, मधे सहा फुटांची भिंत. चार इमारतींनी मधल्या भिंती पाडल्या तर या आठ पट्ट्या मिळून चांगला मोठा चौक होतो. त्यासाठी एक फूटही जमीन विकत घ्यावी लागत नाही. बंब फिरायला उलट जास्त जागा मिळते. अशा चौकाला नियमावलीत नाव नाही, म्हणून तो कुणी मागत नाही. महापालिकेनं घरफाळ्यात सवलत देऊन मागायला लावावं: चार मिळकतींनी मार्जिन एकत्र केलं आणि त्यातली निम्मी जमीन उघडी माती ठेवली तर इतके टक्के सूट. पेव्हर काढल्याबद्दल सूट, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण रेन वॉटर हार्वेस्टिंगची सक्ती करून जे झालं नाही ते यानं होण्याची शक्यता जास्त.

नवीन जागेत काम सोपं आहे. १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचं भिजत घोंगडं आहे. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण काढलं. पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी, उचगाव या बाजूंना उसाची शेतं रोज एनए, म्हणजे बिगरशेती, होत आहेत. लेआउटमध्ये ओपन स्पेस दाखवला जातो तो बहुधा प्लॉट पाडून उरलेला तिरका तुकडा असतो. त्यावर आधी देऊळ येतं, मग सभागृह, मग त्याला कुलूप. तिथं एक एकर जमीन सार्वजनिक मालकीतच ठेवून, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, पंचवीस-तीस कुटुंबांच्या सहकारी संस्थेला द्यावी. झुरिकमध्ये सहकारी संस्थांना शहर अशी दीर्घ मुदतीवर जमीन देतं, आणि २०११ मध्ये तिथल्या मतदारांनी २०५० पर्यंत शहरातली एक तृतीयांश भाड्याची घरं ना-नफा संस्थांची असावीत असं ठरवलं. आपल्याला एक तृतीयांश नको, एक एकर पुरे. अटी थोड्या: गाड्या कडेला, घरांची दारं चौकाकडं, एक तृतीयांश जमीन मातीची, स्थानिक झाडं, तळमजल्यावर एक स्वयंपाकघरासह मोठी खोली, आणि नकाशा मंजुरीला जाण्याआधी सभासदांच्या सह्या तळमजल्याच्या आराखड्यावर वेगळ्या घेतलेल्या.

जुन्या शहरात ताराबाई पार्क, राजारामपुरी, नागाळा पार्क इथले बंगले आणि जुन्या कॉलन्यांतली घरं पुनर्विकासाला निघत आहेत. तिथं मंडळी अजून राहतात, एकमेकांना ओळखतात, अंगणात आंबा-फणस उभे आहेत. विकसकाशी बोलणी सुरू होतात ती ‘किती टक्के जास्त एरिया देणार’ इथून. या लोकांना माझं सांगणं आहे की एरियाची घासाघीस खुशाल करा, पण त्याआधी एका सभेत सगळ्यांनी बसून कागदावर फक्त तळमजला काढा. कुठलं झाड राहणार, विहीर बुजवायची की उपसायची, कट्टा जिन्याच्या पायथ्याशी हवा की फाटकाशी, मिरच्या कुठं वाळणार, तात्यांची व्हीलचेअर कुठून फिरणार. गाड्या सगळ्यात शेवटी काढा, उरेल त्या जागेत. तो कागद कराराला जोडा, आणि विकसक म्हणाला की असं कुठं असतं का, तर दुसऱ्या विकसकाला फोन लावा. ताराबाई पार्कातली जमीन सोडून जाण्याइतकी चैन त्यांच्यापैकी कुणालाच परवडणारी नाही.